रायटर मॅडमचं इंग्रजी

८ जानेवारी

दिवसभर ठाण्यात मी लोकांचं लिहिते. कोणाचा मोबाईल गेला, कोणाचा नवरा गेला, कोणी कोणाच्या दारात केराचा डबा ठेवला आणि त्यावरून कोण कोणाला काय म्हणालं. मी महिला पोलीस हवालदार, आणि आमच्या तपासी साहेबांची रायटर. म्हणजे तपास साहेब करतात आणि तो कागदावर मी उतरवते. माझा पंचनामा कोर्टात कधी अडकला नाही, हे मी म्हणत नाही, सरकारी वकील म्हणतात. आज पहिल्यांदाच स्वतःचं काही लिहायला बसले आहे. इथे 'सदर इसम' नाही, वेळ टाकायची नाही आणि खाली दोन पंचांच्या सह्या नाहीत. बरं वाटतंय.

कारण असं की परदेशात शांतता मिशनवर आपल्याकडचे पोलीस वर्षभरासाठी जातात, त्यासाठी यंदा नावं मागवली आणि साहेबांनी न विचारता माझं नाव दिलं. "रुपाली, गाडी चालवतेस, नेम बरा आहे, आणि रिपोर्ट तुझ्यासारखा कोणी लिहीत नाही," म्हणाले. साहेब, मराठीत! इंग्रजी म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. मार्चमध्ये लेखी परीक्षा आहे, मग मुलाखत. दोन्ही इंग्रजीत. मला जायचं आहे. इतकं मला कधी काही हवंसं वाटलं नव्हतं, आणि हे घरात मोठ्याने म्हणायची चोरी.

नायगावच्या क्वार्टर्समध्ये आम्ही चौघं. सुशांत, म्हणजे माझा नवरा, बस चालवतो. आकांक्षा पाचवीत आहे. आणि सासूबाई. त्यांना मी आई म्हणते. संध्याकाळी मी सगळ्यांसमोर विषय काढला. सुशांत म्हणाला, "जा की! असा चान्स परत येतो का?" आकांक्षाने विचारलं, "तिकडून काय आणशील?" आई काहीच बोलल्या नाहीत. उठल्या आणि धुतलेलं पातेलं पुन्हा धुवायला घेतलं. आई बोलल्या नाहीत म्हणजे त्यांच्या मनात नाही, हे मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकले.

११ जानेवारी

बेबी टीचरना फोन करायचा धीर झाला. आज त्यांच्याकडे जाऊन आले.

मागे माझी ड्युटी गिरगावच्या बाजूला होती तेव्हाची ओळख. ठाकूरद्वारला त्यांच्या वाडीतल्या देवळाची पितळी घंटा चोरीला गेली आणि फिर्याद द्यायला वाडीतून एकट्या त्या आल्या. मी लिहिलेला जबाब त्यांनी उभ्यानेच वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "झकास लिहितेस. दोन स्वल्पविराम जास्त झालेत." माझ्या आयुष्यात फिर्यादीने दिलेलं हे एकमेव शुद्धलेखनाचं प्रमाणपत्र. घंटा सापडली, पण मला लक्षात राहिल्या त्या टीचर.

मुलींच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या. लग्न केलं नाही. जुन्या मुंबईतलं पाठारे प्रभूंचं घराणं, एकेकाळी वाडीतल्या चार इमारती यांच्या होत्या, आता तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पण त्या खुर्चीत बसल्या की वाटतं, अजून चारही इमारती यांच्याच.

मला म्हणाल्या, "इथे येताना रस्त्यात काय दिसलं ते इंग्रजीत लिही." मी लिहिलं. शूज शॉप. बुक्स शॉप. टेन मिनिट्स वॉक. त्यांनी तांबडी पेन्सिल उचलली.

"दुकानात बूट किती असतात?"

"पुष्कळ."

"म्हणून तू एस लावलास. मोजणी बरोबर, इंग्रजी चूक. शू शॉप. बुक शॉप. टेन मिनिट वॉक. दात बत्तीस असले तरी टूथब्रश."

म्हटलं, कळलं. त्यांनी लगेच विचारलं, "कपड्यांचं दुकान?" मी ऐटीत म्हणाले, "क्लोथ शॉप."

"क्लोद्स शॉप."

मला वाटलं, उठावं आणि सरळ घरी जावं.

माझी अडचण टीचरनी बरोबर हेरली. पंचनाम्यात वस्तू मोघम लिहून चालत नाही. चपलांचा जोड एक, रंग तपकिरी, डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला. दिसेल ते मोजायचं, ही माझ्या हाताची सवय. म्हणून बुटांचा ढीग दिसला की माझा हात आपोआप एस लावतो. टीचर हसून म्हणाल्या, "तू भाषेचा मुद्देमाल जप्त करतेस."

फीचं विचारलं तर रागावल्या. "पैसे नकोत. तुझ्या घरी मालवणी स्वयंपाक होतो ना? रविवारी येताना डबा आण. आम्हा प्रभूंना मासळी लागते आणि माझ्याच्याने आता कोळणीशी भांडण होत नाही."

१२ जानेवारी

डब्याचं आईंना सांगायला घाबरत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "ती काय काय खाता?"

म्हटलं, सगळं.

"बरां," म्हणाल्या आणि संपलं. मला वाटलं होतं, कुरकुर करतील. पण गिरगावकरीण बाईला आपल्या हाताची चव दाखवायची म्हटल्यावर त्यांना हुरूप आला असणार. दुसरं कारण मला तरी दिसत नाही.

१८ जानेवारी

आज टीचरनी जे केलं ते मी जन्मभर विसरणार नाही.

मी रडकुंडीला आले होते. स्पोर्ट्स डे म्हणायचं, पण फ्लॉवर शो म्हणायचं. सेव्हिंग्ज अकाउंट, पण लोन अकाउंट. आर्म्स लायसन्स, पण गन लायसन्स. मी म्हणाले, "टीचर, याला काही नियम आहे की नाही? की गोऱ्यांच्या मनाला येईल तसं?"

त्यांनी आईंच्या डब्यातली तिसऱ्यांची एकशिपी, शिंपल्यांचं ते सुकं, संपवली, बोटं पुसली आणि विचारलं, "सकाळी काय खाल्लंस?"

"कांदेपोहे."

"कांदेपोहे. बरं. आणि पावसात गरमगरम काय खातेस?"

"कांदाभजी."

"कांदेभजी का नाही? पोह्यात कांदे अनेक आणि भज्यांत एकच का?"

मी मनात भजी मोजायला लागले.

"आणि हे म्हणताना तू कधी चुकलीस? कधी 'कांदापोहे' म्हणालीस? तुला हा नियम कोणी शिकवला? कोणी नाही. तू आधी खाल्लंस, मग बोललीस. इंग्रजी तू खाल्लेलं नाहीस, म्हणून अडते. नियम आहेत, ते मी सांगीन. पण आधी पोटभर वाच. रोज एक इंग्रजी पेपर, पहिल्या पानापासून, मोठ्याने."

मी काय सांगू! इतकी वर्षं मी इंग्रजीला वकिलाला घाबरावं तशी घाबरत होते. या बाईंनी तिला माझ्या ओट्यावर आणून ठेवलं. वर सांगतात कसं, तर मी मठ्ठ आहे असं एकदाही न दाखवता. असे शिक्षक मला शाळेत भेटले असते तर आज मी साहेबांच्या खुर्चीत असते आणि साहेब माझे रायटर.

घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. आई म्हणाल्या, "तुझ्या कांदेपोह्यांत कांदो एकच असता." यावर टीचरसुद्धा काही बोलू शकल्या नसत्या.

३० जानेवारी

आई आज सकाळच्या एसटीने गावी गेल्या. मालवणच्या पुढे आमचं गाव. जत्रा होऊन गेली, कोणाचं लग्न नाही, कोणी आजारी नाही. मी विचारलं, मध्येच काय काढलंत? म्हणाल्या, "देवाक एक गाऱ्हाणां घालूचा हा."

गाऱ्हाणं म्हणजे साधी प्रार्थना नव्हे. गावच्या देवासमोर नारळ ठेवून मागणं बोलून दाखवतात आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. थोडक्यात, साक्षीदारांसमक्ष. असं मागणं देवालाही नाकारता येत नाही, असा आमच्याकडे समज.

"कसलं गाऱ्हाणं?"

"ता देवाचा नि माझा."

मी घरात बोलून तीन आठवडे झाले आणि या देवाकडे निघाल्या. मला काय कळत नाही का? सुनेला परदेशी पाठवू नको, हेच असणार. मी ठाण्यात रोज याहून कमी माहितीवर माणसं बरोबर ओळखते.

४ फेब्रुवारी

आई काल परत आल्या. आज बुधवार. त्यांनी बांगड्याचं तिखलं केलं, असं की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. सगळ्यांना वाढलं. स्वतः वरणभात घेऊन बसल्या.

"आई, बांगडा?"

"नको माका."

आईंना पापलेट म्हणजे पाहुण्यांचा मासा, त्यांचा जीव बांगड्यावर. आमच्या लग्नात त्यांनी दोन दिवस मासे मिळाले नाहीत म्हणून तोंड पाडलं होतं. ही बाई बांगडा समोर असताना वरणभात खाते याचा अर्थ निषेध. आझाद मैदानावर मी खूप मोर्चे पाहिलेत. मूक मोर्चा सगळ्यांत जड जातो.

१५ फेब्रुवारी

आज टीचरनी सांगितलं की इंग्रजीत मासा एक असो नाहीतर टोपलीभर, फिशच म्हणायचं. घरी सांगितल्यावर आई म्हणाल्या, "मगे बाजारात ते मासे मोजतत कशे?" आणि हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या. मी पण हसले. मग जेवायला बसलो आणि त्यांनी पुन्हा मासा घेतला नाही. हसायचंही आणि असहकारही करायचा, हे गांधीजींना जमलं असेल.

२२ फेब्रुवारी

या आठवड्यातला वृत्तांत. कोणाला तरी सांगायलाच हवा.

सोमवारी मी आकांक्षाच्या वेण्या घालायला बसले तर आईंनी फणी हातातून घेतली. "तू जा, तुझा काय ता वाच. एवढ्याशा वेणीक पोलीस कित्याक व्हयो?" आकांक्षाच्या वेण्या मी घालायच्या, हे तिच्या बालवाडीपासूनचं माझं काम. तिचे केस दाट आहेत, गुंता होतो, आईंचे हात आता दुखतात. वेण्या वाकड्या झाल्या. त्यांनी सोडल्या आणि परत घातल्या.

बुधवारी शाळेत पालक सभा होती. मी रजा टाकून गेले तर आई आधीच पहिल्या बाकावर. वर्गशिक्षिका मला म्हणाल्या, "आजींनी सगळं विचारून घेतलं, तुम्ही नसतात तरी चाललं असतं." नसतात तरी चाललं असतं!

शुक्रवारी घरी आले तर आई आकांक्षाकडून फोनवर गॅस बुक करायला शिकत होत्या. आजवर त्यांनी फोन फक्त कानाला लावलाय. आज मला विचारतात, "आकांक्षाचे दातांच्या डॉक्टरचे कागद खंय आसत?"

मी जिवंत असताना माझं घर माझ्या हातातून काढून घेतायत. मी जाणार म्हणून राग आहे, तो असा निघतोय. सुशांतला बोलले तर तो म्हणाला, "तू ना, घरात पण ड्युटीवर असतेस," आणि झोपला.

१ मार्च

टीचरसमोर आज मन मोकळं केलं. सगळं सांगितलं. गाऱ्हाणं, मासे, वेण्या, शाळा, गॅस. म्हटलं, "टीचर, माझ्याकडे पुरावे आहेत."

"इंग्रजीत सांग."

"आय हॅव एव्हिडन्सेस."

"एव्हिडन्स. त्याला अनेकवचन नाही. कितीही असला तरी एकत्र ठेवून बघतात." मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "आणि तू बघितलंस काय, ते लिही. राग आहे, निषेध आहे, हे तू बघितलेलं नाहीस. ते तू ठरवलंस. रिपोर्टमध्ये फक्त जे दिसलं ते. अर्थ वाचणाऱ्यावर सोडायचा."

हे मला साहेबही सांगतात. नवशिक्या शिपायांना मी स्वतः सांगते. पण घरचं आणि ठाण्याचं यात फरक आहे की नाही?

तरी टीचरचा राग येत नाही, येऊच शकत नाही. आज माझा अपघाताचा रिपोर्ट त्यांनी मोठ्याने वाचला, स्वच्छ आवाजात, जणू कोणा मोठ्या लेखकाचा मजकूर आहे. चुका दोनच निघाल्या. मला माझंच इंग्रजी ऐकताना अंगावर काटा आला. मग जाताजाता एक सांगितलं. सासवा अनेक असतील तर मदर्स-इन-लॉ म्हणायचं, एस मदरला लागतो, लॉला लागत नाही. मी म्हणाले, "आमच्याकडे लॉ मीच आहे." टीचर इतक्या हसल्या की ठसका लागला.

१५ मार्च

मोर्चाचा बंदोबस्त होता, त्यामुळे ठाकूरद्वारला जाता आलं नाही. घरी येऊन बघते तर टीचर आमच्याकडे! या वयात टॅक्सी करून नायगावला आल्या, दोन जिने चढल्या. कारण काय, तर "रविवारचा डबा चुकला असता."

स्वयंपाकघरात पाटावर आई आणि खुर्चीवर टीचर. मी आत गेले तशा दोघी बोलायच्या थांबल्या. आईंनी तळलेल्या बांगड्याचं ताट टीचरपुढे ठेवलेलं. टीचरनी एकच तुकडी खाल्ली होती आणि त्यांचे डोळे लाल झाले होते.

"तिखट लागलं," म्हणाल्या.

दोन महिने आमचं तिखट खातायत, आज कसं लागलं कोण जाणे. वय झालं की असं होतं.

निघताना आईंचे दोन्ही हात धरून उभ्या राहिल्या. मला जिन्यात म्हणाल्या, "रुपाली, परीक्षेत नापास झालीस तर मला तोंड दाखवू नकोस." असं त्या आजवर कधी बोलल्या नव्हत्या. मला टेन्शनच आलं.

२१ मार्च

लेखी झाली. बाजारात जीप आणि ट्रकची टक्कर, त्याचा रिपोर्ट. टू विटनेस स्टेटमेंट्स, थ्री हेड इंज्युरीज, अ फोर आवर पेट्रोल. कुठे एस लावायचा आणि कुठे नाही, हात थांबला नाही एकदाही. कांदेपोहे, कांदाभजी. बाहेर येऊन पहिला फोन टीचरना केला. त्या म्हणाल्या, "जेव आता."

घरी आईंनी विचारलं, "कसा गेला?" म्हटलं, बरा गेला. त्या देवाच्या फोटोकडे वळल्या आणि बराच वेळ तशाच उभ्या. मनात म्हटलं, आता देवाशी तक्रार चालली असेल.

२४ मार्च

मुलाखत. हे नीट लिहायचं आहे.

समोर तिघं होते. मधल्या मॅडम परदेशात दोनदा जाऊन आलेल्या. पहिले प्रश्न सोपे गेले. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला दहा-अकरा वर्षांची मुलगी आहे. तुम्ही वर्षभर नसाल. तिच्याकडे कोण बघणार?"

याचं उत्तर मी पाठ केलं होतं. माय फॅमिली इज व्हेरी सपोर्टिव्ह, वगैरे. ते तोंडातून येईना. खोटं बोलायची सवय नाही, आणि आईंबद्दल सपोर्टिव्ह म्हणायला मन धजेना. मग टीचरचा आवाज आठवला. बघितलंस काय, ते सांग.

म्हणून मी रिपोर्ट दिला. साध्या छोट्या इंग्रजी वाक्यांत, मला येतात तशा. माझ्या सासूबाई माझ्या मुलीच्या वेण्या घालतात. पहिल्यांदा वाकड्या येत, आता सरळ येतात. त्या शाळेच्या सभेला जातात, पहिल्या बाकावर बसतात. त्या गॅस बुक करायला शिकल्या. डॉक्टरचे कागद कुठे आहेत ते त्यांना माहीत आहे. मी वाचत असले की त्या मला कामाला हात लावू देत नाहीत. माझ्या शिक्षिकेसाठी दर रविवारी मासे करतात. त्या स्वतः दोन महिने मासे खात नाहीत. त्या गावी जाऊन देवाला...

इथे मी थांबले. पुढचं वाक्य येत नव्हतं म्हणून नव्हे. मी जे बोलले ते माझ्याच कानांनी ऐकलं म्हणून.

मॅडम जरा पुढे झुकल्या. "म्हणजे तुम्ही जावं, अशी त्यांची इच्छा आहे."

"येस, मॅडम," मी म्हणाले. आणि ते मला त्याच क्षणी कळलं.

बाकीचे प्रश्न काय होते ते मला आठवत नाही. उत्तरं दिली असतील.

बाहेर येऊन सुशांतला फोन लावला. तो बसमधून उतरून चहा पीत होता. विचारलं, आईंनी कसलं गाऱ्हाणं घातलं?

"तुला माहीत नव्हतं? मी फोनवर होतो ना त्या वेळी, आईने मला पण 'व्हय म्हाराजा' म्हणायला लावलं." आणि त्याने डेपोच्या कँटीनमध्ये उभं राहून मला ते म्हणून दाखवलं. "बा देवा म्हाराजा, माझी सून परदेशात जाऊक बघता, तिका यश दी. तिच्या चेडवाक मी सांभाळतंय, माका तितक्या बळ दी."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी? तू घरात आरोपपत्र तयार करत होतीस. आणि आईने शपथ घातलेली. तुझं अभ्यासातलं लक्ष उडेल म्हणाली. तिने मासे सोडलेत ते पण नवसाचे."

मी फूटपाथवर खाली बसले, युनिफॉर्ममध्ये. एक बाई थांबून म्हणाली, "मॅडम, पाणी देऊ का?" माझ्यासारखी गाढव बाई पोलीस खात्यात दुसरी नसेल. बारा वर्षं त्यांच्या हातचं खाल्लं आणि मला त्या बाईचा स्वभाव कळला नाही, आणि मी निघाले परक्या देशात शांतता राखायला.

घरी गेले तर आई कोथिंबीर निवडत होत्या. शेजारी बसून मी पण निवडायला लागले. अर्धी जुडी संपल्यावर म्हटलं, "आई, वेण्या सुंदर येतात आता तुमच्या."

"येवकच व्हयेत," त्या म्हणाल्या. वर बघितलंही नाही.

९ एप्रिल

काल निकाल लागला. माझं नाव आहे. जूनमध्ये निघायचं.

साहेबांनी ठाण्यात पेढे वाटले. मी लवकर सुटका करून घेतली आणि सरळ दादरच्या मासळी बाजारात गेले. आईंचा नवस फिटला होता, म्हणजे आता बांगडा हवा. कोळणीने भाव सांगितला, मी घासाघीस केली नाही. ती घाबरली. "मॅडम, काय झालं?" म्हटलं, काही नाही, आज आमच्याकडे सण आहे. टीचरना टॅक्सी पाठवून बोलावून घेतलं.

आईंनीच तळले. मी करते म्हटलं तर ओट्याजवळ येऊ देईनात. टीचर, सुशांत, आकांक्षा, मी, सगळी पंगतीला बसली आणि मी आईंना हाताला धरून बसवलं. सगळ्यांत मोठा, खरपूस बांगडा उचलून आधी त्यांच्या ताटात वाढला. मनात पाठ केलं होतं की आज त्यांना सगळं बोलून दाखवायचं, माफी मागायची.

आईंनी तो बांगडा उचलून माझ्या ताटात ठेवला.

"आई, आता कशाला? पास झाले ना मी! नवस फिटला."

"नवस परीक्षेचो नाय गो," त्या म्हणाल्या, जसं काही मीठ कमी आहे असं सांगतायत. "तू सुखरूप परत घराक येयपर्यंतचो आसा."

सुशांतलाही हे माहीत नव्हतं, त्याचा हात ताटातच राहिला. टीचर मान खाली घालून भात कालवत होत्या. त्यांना मात्र माहीत होतं, 'तिखट लागलं' म्हणाल्या त्या रविवारापासून.

म्हणजे वर्षभर. माझा जीव जिथे असेल तिथे असेल, आणि नायगावात रोज बांगडा तळला जाईल, आकांक्षाला वाढला जाईल, आणि ही बाई वरणभात कालवेल.

मी पाठ केलेलं सगळं विसरले. मराठीतलं सुद्धा. "आई, मी नाही जात," एवढंच तोंडातून आलं.

"येडी काय तू?" आई म्हणाल्या. मग माझं ताट आपल्याकडे ओढलं, बांगडा मधोमध उलगडला आणि काटे काढायला लागल्या, आकांक्षाला काढून देतात तसे, एकेक करून, ताटाच्या कडेला. "खा. थंय खावक काय गावतला कोणाक ठावक."

मी खाल्लं. त्यांनी मासळीने माखलेली बोटं धुतली आणि दहीभात घेऊन माझ्या शेजारी जेवायला बसल्या.